शाळेला लॅपटॉप द्यायचे, पण कोणाच्या हाती?

(द्वितीय वर्ष, कला)

शाळेला काही द्यायचे म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न 'किती?' हा असतो आणि दुसरा 'केवढ्याला?' हा. फळा असो, घड्याळ असो की पाण्याची टाकी असो, दात्याचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवले जाते आणि ती वस्तू पुढे चालते की नाही याची चौकशी कोणी करीत नाही. घड्याळाच्या बाबतीत हे खपून जाते. बंद पडलेले घड्याळही भिंतीवर शोभून दिसते. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र हा हिशेब फार महागात पडतो. हल्ली गावोगावच्या शाळांना लोकवर्गणीतून, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून, कुठे आमदारांच्या निधीतून लॅपटॉप मिळू लागले आहेत. आपल्यापैकी कितीतरी जण उद्या डी.एल.एड., बी.एड. करून याच शाळांत शिकवायला जाणार आहेत. म्हणून हा विषय संगणकाच्या पोरांचा आहे, आपला नव्हे, असे म्हणून कला शाखेने त्याकडे पाठ फिरवू नये असे मला वाटते.

हे सारे मला का सुचले ते सांगते. माझे गाव खानापूर तालुक्यातले. विटा, आटपाडीकडच्या या दुष्काळी पट्ट्यातली माणसे गलाईच्या म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. जत्रेला ती गावी येतात, पालखीला खांदा देतात आणि जाताना गावासाठी काही ना काही करून जातात. यंदा त्यांनी शाळेसाठी सहा लाख रुपये जमवले. सातवीपर्यंतची शाळा, चार शिक्षक आणि ८४ मुले. देवळात बैठक बसली. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेले नाही; पण मी आता 'कॉलेजची' म्हणून इतिवृत्त लिहायला मला बसवले. मदुरैकडे दुकान असलेले एक आबा म्हणाले, "आमच्या शेजारच्या पोरीला तिकडच्या सरकारनं फुकट लॅपटॉप दिला. आपली पोरं काय कमी हायेत का?" लगेच कोणीतरी खिशातून कोटेशन काढले. वीस हजाराला एक याप्रमाणे तीस लॅपटॉप. सहा लाखांचा हिशेब रुपयाला रुपया जुळत होता आणि तो जुळला याचाच सर्वांना आनंद झाला होता.

आबांचे म्हणणे खोटे नव्हते. तमिळनाडू सरकारने २०११ साली ही योजना सुरू केली. पण ती होती उच्च माध्यमिक आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी. सतरा वर्षांची मुलगी यंत्र घरी नेते, ते तिच्या मालकीचे होते, पुढे कॉलेजातही तिला ते उपयोगी पडते. आमच्या शाळेतला दुसरीचा मुलगा पाटीवर 'क्ष' काढायला शिकतो आहे. या दोघांना एकच वस्तू लागेल असे धरून चालणे म्हणजे घरातल्या सर्वांना एकाच मापाची चप्पल आणणे होय.

वाटप हेच शिक्षण समजण्याची ही चूक काही आपल्याच देशाची नाही. निकोलस निग्रोपॉन्ते या अमेरिकन प्राध्यापकाने २००५ साली शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली. प्रत्येक मुलाला एक यंत्र द्या, पुढचे ते आपले आपण शिकेल, असा त्यामागचा विश्वास. किंमत काही शंभर डॉलरवर उतरली नाही, जवळजवळ दुप्पट पडली. आपल्या केंद्रीय शिक्षण खात्याने २००६ साली ही योजना नाकारली, तरीही २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरील एकशिक्षकी शाळेत तिचा लहानसा प्रयोग झालाच. पेरू देशाने मात्र अशी आठ लाखांहून अधिक यंत्रे घेऊन डोंगरातल्या खेड्यांपर्यंत पोहोचवली. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी तिथल्या ३१९ शाळा तपासून २०१२ साली जे सांगितले ते आपल्या प्रत्येक दात्याने वाचावे असे आहे: यंत्रे मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांतील मुलांच्या गणितात व भाषेत फरक आढळला नाही. मुले यंत्र चालवायला शिकली हे खरे. पण ती वाचायला त्यामुळे शिकली नाहीत.

तेच यंत्र त्याच सुमारास उरुग्वेनेही घेतले. २००७ साली सुरुवात केली आणि २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला दिले. पण त्या देशाने नुसती पेटी दिली नाही; शाळाशाळांत इंटरनेट नेले, दुरुस्तीची फिरती पथके ठेवली आणि हे काम पाहण्यासाठी एक कायमची संस्था उभी केली. ती आजही चालू आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याने २००२ साली सातवीच्या मुलांना लॅपटॉप दिले, त्याआधी ते शिक्षकांना दिले होते. आणि आपल्याकडे? ५ ऑक्टोबर २०११ रोजी मोठ्या गाजावाजात 'आकाश' नावाची पाटी निघाली. सरकारला ती २,२७६ रुपयांना पडली. स्वस्त होती यात शंका नाही. पण तिचा पडदा बोटाने दाबावा तेव्हा कुठे हलायचा, आणि बॅटरी वर्गाच्या वेळेला पुरेना. दोन-तीन वर्षांत तिचे नावही कोणी घेईनासे झाले. उत्तर प्रदेशात २०१३ साली बारावी पास झालेल्यांना लॅपटॉप वाटले, ते उघडताच पडद्यावर नेत्यांची छायाचित्रे दिसत. देणाऱ्याचे लक्ष कुठे होते ते त्यावरून कळते.

आता आमच्या वीस हजारांच्या लॅपटॉपकडे वळते. इतक्या किमतीत तीस नग मिळतात, याचा अर्थ बहुधा ते कुठल्यातरी कचेरीतून बाहेर पडलेले, पुसूनपासून ठेवलेले जुने नग असतात. जुने घेणे हा काही गुन्हा नव्हे. चांगल्या बांधणीचे जुने यंत्र नव्या फोफश्या यंत्रापेक्षा बरे, हे मीही मानते. पण विंडोज १० ची सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांवर रीतसर चढत नाही. त्याला ठरावीक पिढीचा प्रोसेसर आणि एक सुरक्षा-चिप लागते. तेव्हा जुने घ्यायचे तर त्यावर लिनक्स घालायचे, हे आधी ठरवूनच घ्यावे लागेल. केरळने हे करून दाखवले आहे. तिथल्या सरकारी शाळा गेली कितीतरी वर्षे मुक्त प्रणालीवर चालतात, ती मल्याळममध्ये आहे, आणि ४५,००० वर्गखोल्यांत लॅपटॉप व प्रोजेक्टर पोहोचले आहेत. ध्यानात घ्या, वर्गखोलीत. प्रत्येक दप्तरात नव्हे.

नवे घ्यायचे असेल तर कागदावरच्या मोठमोठ्या आकड्यांना भुलू नये. आठ जीबी रॅम आणि घन-स्मृतीची म्हणजे एसएसडी डिस्क, एवढे असले की प्राथमिक शाळेचे काम पाच वर्षे चालते. चार जीबीचे यंत्र दुसऱ्याच वर्षी रडू लागते. त्यापेक्षा मी दुकानदाराला तीन गोष्टी विचारीन. मागचे झाकण साध्या स्क्रूने उघडते का? बॅटरी बदलून मिळते का आणि केवढ्याला? बिघडले तर माणूस विट्याला येतो की यंत्र पुण्याला पाठवावे लागते? बॅटरी ही वस्तूच अशी आहे की तीनशे ते पाचशे वेळा भरली-रिकामी झाली की तिचा दम कमी होतो. शाळेत रोज वापरली तर दोन वर्षांत ती वेळ येते. तिसाच्या तीस बॅटऱ्या एकाच सुमारास मान टाकतील तेव्हा पैसे कोठून आणायचे? आमच्याएवढ्या शाळेला, म्हणजे ३१ ते १०० पटाच्या शाळेला, समग्र शिक्षामधून वर्षाला २५,००० रुपयांचे संयुक्त अनुदान ठरलेले आहे. त्यातच खडू, त्यातच वीजबिल, त्यातच गळके छप्पर.

विजेचा विषय निघाला म्हणून सांगते. बैठकीत याची आठवण कोणालाच झाली नाही. एका लॅपटॉपचा चार्जर ६५ वॉटचा धरला तर तीस चार्जर १,९५० वॉट मागतात. आपल्या शाळांतून भिंतीवर जे पाच अँपिअरचे सॉकेट असते ते साडेअकराशे वॉटपर्यंतच झेपते. एका सॉकेटला बोर्ड, त्या बोर्डाला दुसरा बोर्ड अशी माळ लावून कोणी तीस लॅपटॉप भरायला ठेवले, तर शाळेला लॅपटॉपऐवजी अग्निशामक नळकांडे आधी द्यावे लागेल! बिल थकले म्हणून वीज तोडलेल्या शाळांच्या बातम्या तर आपण दरवर्षी वाचतोच.

यावर कोणी म्हणेल, मग काय द्यायचेच नाही? माझे म्हणणे तसे मुळीच नाही. माझे म्हणणे एवढेच की तीस नकोत, बारा घ्या. पस्तीस हजारांपर्यंतचे, नवे, दुरुस्त होणारे. त्यातले चार शिक्षकांना आणि आठ मुलांना. चार लाख वीस हजार झाले. उरलेले एक लाख ऐंशी हजार बँकेत ठेवा. पाच वर्षांत वर्षाला छत्तीस हजार पडतात. त्यातून बॅटऱ्या, विमा, इंटरनेट आणि वायरिंग. एका शिक्षकापुढे साधारण एकवीस मुले येतात. आठ यंत्रांवर ती दोघे-तिघे मिळून बसतात. पहिली-दुसरीच्या मुलाला तर एकट्याने पडद्याकडे बघत बसण्यापेक्षा शेजाऱ्याशी भांडत शिकणे केव्हाही चांगले.

शिक्षकांना चार, हे ऐकल्यावर बैठकीत कुजबुज झाली. एक जण उघडच बोलला की गुरुजींच्या हाती दिला तर तो ऑनलाइन माहिती भरण्यातच झिजेल. ही शंका अगदीच चुकीची नाही. पटसंख्या, पोषण आहार, पगार, यूडायस, सरल, सगळे काही आज पडद्यावरून भरावे लागते आणि आमच्या बाई ते स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या पैशाने, रात्री घरी बसून भरतात. पण समजा लॅपटॉपवर ते काम लवकर उरकले आणि बाईंचा अर्धा तास वाचला, तर तो वर्गालाच मिळेल ना? शिवाय ज्या शिक्षकाने यंत्र स्वतः महिनाभर हाताळलेले नाही, तो एकवीस मुलांपुढे ते उघडणार कसा? मुलांसमोर अडण्याची भीती मोठी असते. म्हणून शिक्षकाने ते घरी न्यावे, रात्री पाठ तयार करावा, मुलांना दाखवण्याच्या गोष्टी आधी बघून ठेवाव्यात. बालभारतीची पुस्तके फुकट उतरवून घेता येतात, मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आहे. हे सगळे आधी शिक्षकाच्या ओळखीचे झाले पाहिजे. 'घरी न्यायचा नाही' अशी अट घालणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे: वह्या तपासायला घरी नेतात तेव्हा त्या चोरीला जातात काय?

कुलपाबद्दल मी थोडे जास्त बोलणार आहे, कारण ते मी भोगले आहे. मी ज्या माध्यमिक शाळेत होते तिथे संगणक कक्ष होता. बाहेर चपला काढायच्या, आत यंत्रांवर पिवळी कापडे. तपासणीच्या दिवशी कापडे निघत, दिवे लागत, आम्हाला जोडीजोडीने बसवले जाई. आठवी ते दहावी या तीन वर्षांत मी कळफलकाला दहा वेळा हात लावला असेल तर शपथ. तेव्हा आम्हाला मुख्याध्यापकांचा राग यायचा. आता वाटते, त्यांच्या जागी असते तर मीही कुलूपच लावले असते. ती यंत्रे जडवस्तूंच्या नोंदवहीत चढलेली. एखादे फुटले तर जबाब त्यांनी द्यायचा, कदाचित पैसेही त्यांनीच भरायचे. वापरल्याचे बक्षीस नाही आणि मोडल्याची शिक्षा मात्र आहे, अशा स्थितीत शहाणा माणूस कापडच घालणार. तेव्हा दात्यांनी लॅपटॉपबरोबर एक ठरावही दिला पाहिजे: मुलांच्या हातून वापरताना मोडले तर भरपाई कोणाकडूनही घ्यायची नाही, दुरुस्ती निधीतून होईल. पस्तीस हजारांच्या यंत्राला मिळून हा एक कागद फुकटचा आहे, पण त्याच्याशिवाय यंत्र कपाटाबाहेर येणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी विकणारा कधीच सांगत नाही. कळफलक मराठीसाठी तयार आहे का? इनस्क्रिप्ट मांडणी प्रत्येक विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये असते, त्यासाठी एक पैसा पडत नाही. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने. आपल्या वर्णमालेचाच क्रम तिच्या पाठीशी आहे. बटणांवर चिकटवायच्या मराठी अक्षरांच्या पट्ट्या बाजारात मिळतात. तरीही शाळेत यंत्र येते तेव्हा त्यावर फक्त इंग्रजी अक्षरे असतात, आणि मुलाला 'आई' लिहायला आधी ए, ए, आय असे इंग्रजीतून जावे लागते. ज्या मुलाच्या घरात इंग्रजीचा एक शब्द नाही त्याला हे दार पहिल्या दिवशीच बंद. मी स्वतः कॉलेजात आल्यावर इनस्क्रिप्ट शिकले. 'दऱ्या' मधला र्‍य आणि 'बॅट' वरचा चंद्र जागच्या जागी उमटले तेव्हा ते यंत्र मला पहिल्यांदा आपले वाटले. मराठीच्या प्राध्यापकांनी हसू नये. 'र्‍य' कसा काढायचा हे माहीत नसल्याने 'दर्या' छापणारी नियतकालिके काही कमी नाहीत.

आता मुलींविषयी. 'असर' या पाहणीने २०२३ साली १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींकडे पाहिले. दहातल्या नऊ घरांत स्मार्टफोन होता. पण फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असणाऱ्या मुलींचे प्रमाण मुलांच्या निम्म्याहूनही कमी होते. आमच्या घरचे चित्र वेगळे नाही. फोन आधी भावाच्या हाती गेला, आणि तो भांडखोर आहे म्हणून नव्हे, तर तसेच असते म्हणून. शाळेतल्या आठ यंत्रांवरही वेळापत्रक न लावल्यास मागे उभ्या राहणाऱ्या कोण असतील हे मला विचारू नका. कोणता गट केव्हा बसणार आणि कळफलकावर त्या दिवशी कोणाचा हात असणार, हे फळ्यावर लिहिलेले असावे. आमच्या बाईंना मी हे बोलले, तेव्हा त्या म्हणाल्या, "वेळापत्रक मी लावीन गं, तू आधी यंत्रं चालती आण."

बैठकीत शेवटी काहीच पक्के झाले नाही. तीस विरुद्ध बारा यात अर्धे गाव अजून तिसाच्या बाजूला आहे. तीस म्हटले की फोटोत टेबल भरून दिसते. आबांनी मात्र जाताना सांगितले की तीन दुकानांची लेखी कोटेशने आण, हमीच्या अटींसह, दिवाळीत परत बसू. दोन कोटेशने मी मिळवली आहेत. एकात हमी एक वर्षाची, दुसऱ्यात तीन वर्षांची असून बॅटरीला मात्र एकच वर्ष. तिसरे हवे आहे. पदार्थविज्ञानाच्या किंवा संगणकाच्या सरांपैकी कोणी ही कागदपत्रे एकदा नजरेखालून घातली आणि वर्गमित्रांपैकी ज्यांच्या गावच्या शाळेत लॅपटॉप आधीच आलेले आहेत त्यांनी, ते आज कपाटात आहेत की बाकावर, एवढे मला कळवले, तर दिवाळीच्या बैठकीत माझ्या हाती इतिवृत्ताच्या वहीशिवाय आणखी काही असेल.